बेगडी कोणाला म्हणता?

यंदाच्या जानेवारीत एका रात्री साडेअकराला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो दशावतारात स्त्री-भूमिका करतो. कधी मोहिनी, कधी राणी, कधी एखादी शापित अप्सरा. एरवी फोनवर आधी माझी पाच मिनिटं फिरकी घेतो आणि मग कामाचं बोलतो. त्या रात्री थेट म्हणाला, "गो, ते खडे काढूक व्हये."

एका मोठ्या शहरातल्या लोककला महोत्सवात त्याच्या कंपनीचा खेळ ठरला होता. आयोजकांनी आधी फोटो मागवले आणि फोटो बघून निरोप पाठवला. नाटक उत्तम आहे, पण पोशाख फार बेगडी वाटतो. एवढी चमचम नको, जरा पारंपरिक दिसू द्या.

ते खडे मी लावले होते. जांभळ्या साडीच्या पदरावर, मखमली चोळीवर आणि कंबरपट्ट्यावर मिळून दहा ग्रोस. एका ग्रोसमध्ये १४४ नग, म्हणजे एक हजार चारशे चाळीस. त्यामुळे हा लेख तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पण माझा राग फक्त चार रात्री वाया गेल्याचा नाही. राग त्या एका शब्दाचा आहे. बेगडी.

बेगड म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना आता माहीत नसतं. बेगड म्हणजे सोनेरी-रुपेरी रंगाचा कागदासारखा पातळ पत्रा. मखरं, बाशिंगं, ताबूत, नाटकातले मुकुट सजवायला तो वापरत. ज्यांना सोनं परवडत नव्हतं, त्यांचं सोनं ते. आणि भाषेने या शब्दाचं काय केलं बघा. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती, बेगडी पुरोगामी. गरिबाने सणासुदीला, देवासाठी वापरलेली वस्तू आपण लबाडीचं दुसरं नाव करून टाकली. ज्याच्या घरी खरं सोनं आहे त्याच्या प्रेमाला कोणी 'सोनेरी ढोंग' म्हणत नाही.

मी मूळची आचऱ्याची. इंजिनिअरिंग केलं, पुण्यातल्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते, आणि वर्षातले तीन-चार महिने घरून काम करते. नेटवर्क असेल तेव्हा. गेल्या दिवाळीत मामीच्या ओटीवर मांडी घालून खडे लावत बसले होते, तर शेजारच्या काकी थांबून म्हणाल्या, "इतक्या शिकान खडे चिकटवतंस?" मी हसले. मनात म्हटलं, काकी, त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात ॲपमधल्या एका बटणाचे कोपरे किती गोल असावेत यावर दोन बैठका झाल्या. सहा माणसं होती, सगळी इंजिनिअर. त्याला कोणी बेगडी म्हटलं नाही. त्याला 'युजर एक्सपिरियन्स' म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

आता खडे लावणं हे काम काय असतं ते सांगते, कारण 'चमचम' म्हणणाऱ्यांना ते आपोआप उगवतं असं वाटत असावं.

मी सुरुवात इंजिनिअरच्या माजाने केली. मुंबईहून भुलेश्वरमधून हॉटफिक्सचे खडे मागवले. पाठीला गम लावूनच येतो, वरून उष्णता दिली की तो वितळून कापडात मुरतो. मी इस्त्री घेतली, एका कोपऱ्यावर दाबली, आणि साडीचा तेवढा कोपरा आक्रसून चिंचेच्या सालीसारखा झाला. साडी सिंथेटिक होती. खड्याच्या गमाला लागणारी उष्णता त्या कापडाला सोसवत नाही, हे चाचणी न घेता मी थेट खऱ्या साडीवर शिकले. ऑफिसात असं केलं असतं तर रात्रभर फोन वाजले असते.

मग झटपट चिकटणारा गम आणला. तो खड्याखाली काचेसारखा कडक होतो. साडी वळते, तो वळत नाही. दुसऱ्या दिवशी पदर झटकला आणि खडे तांदळासारखे ओटीवर सांडले. जे राहिले त्यांच्याभोवती पांढरी राख धरली होती. तिसऱ्या खेपेला सुकल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा गम मिळाला. तो पूर्ण सुकायला किमान एक अख्खा दिवस घेतो. म्हणजे आज चोळीची डावी बाजू, उद्या उजवी, परवा पाठ. गमाचा थेंब खड्यापेक्षा किंचित लहान हवा. कमी पडला तर खडा सुटतो, जास्त झाला तर कडेने वर येऊन पैलूंवर चढतो आणि खडा आंधळा होतो. मखमलीचे केस आधी आडवे करावे लागतात, नाहीतर गम केसांना धरतो, कापडाला नाही.

हे सगळं करून मी मामीला अभिमानाने दाखवलं. मामीने चोळी उचलली, काखेखालचा भाग दोन्ही हातांनी ताणला आणि चार खडे टपकले. "घामाचो विचार केलंस?" ती म्हणाली. मी केला नव्हता. खाडीकाठची दमट हवा, अंगावर तीन थर कपडे, रात्रभर नाच आणि लढाई. मामीने मग घाम आणि ताण येणाऱ्या जागी दोन भोकांचे खडे सुई-दोऱ्याने शिवले. दर पाच खड्यांनंतर गाठ, म्हणजे दोरा तुटला तर पाचच जातील, अख्खी ओळ नाही. प्रोग्रॅममधली एक चूक सगळी यंत्रणा पाडू नये म्हणून आम्ही जे करतो, तेच. फरक एवढाच की त्याला आमच्याकडे मोठं नाव आहे, आणि मामीच्या गाठीला नाव नाही. दशावताराच्या बोर्डावर मालकाचं नाव असतं, नटांची नावं असतात. गाठ मारणारी कुठेच नसते.

पण कष्ट पडले म्हणून वस्तू चांगली, असं मी म्हणत नाही. कष्ट करून वाईट वस्तूही होते, मी कोडमध्ये रोज बघते. प्रश्न हा की ती चमक नाटकात काय काम करते.

ज्यांनी दशावतार फक्त मोबाईलवर पाहिला आहे त्यांच्यासाठी: देवळाच्या आवारातला मांड, मागे एक पडदा, मध्ये एक लाकडी बाक. तो बाक म्हणजे सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. आधी गणपती, सरस्वती, मग संकासुराचा आड दशावतार, आणि पुढे उजाडेपर्यंत आख्यान. नेपथ्य जवळजवळ नाहीच. राजवाडा दाखवायचा तर तो राजाच्या अंगावरच दाखवावा लागतो. स्वर्ग दाखवायचा तर अप्सरेच्या पदरावर.

आणि हे सगळं रात्री. आज एलईडी आहेत. त्याआधी ट्यूबलाइट होत्या, त्याआधी गॅसबत्त्या, त्याच्याही आधी दिवट्या. प्रकाश कायम कमी, प्रेक्षक कायम लांब. माझ्या आजोबांच्या पिढीतला शेवटच्या रांगेतला माणूस राणीचा चेहरा बघू शकत नव्हता. तिच्या खांद्यावरची बेगड हलली की राणी वळली, एवढं त्याला कळायचं.

खड्याचं भौतिकशास्त्र साधं आहे. खड्याला पैलू असतात, पाठीला आरशासारखा लेप असतो. प्रत्येक पैलू येणारा प्रकाश एका ठरावीक दिशेलाच परत फेकतो. तुमचा डोळा त्या रेषेत असेल तरच तुम्हाला ठिणगी दिसते. नट स्तब्ध उभा असेल तर बहुतेक खडे तुमच्यासाठी विझलेले असतात. तो हलला, की पैलू एकामागून एक तुमच्या डोळ्याच्या रेषेत येतात आणि विझतात. म्हणजे खडा नटाची हालचाल दाखवतो. दादा मोहिनी म्हणून गिरकी घेतो तेव्हा कंबरपट्ट्यावरून जी लाट जाते, ती लाट खड्यांची नसून त्याच्या कंबरेची आहे. खडे फक्त ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतात.

आणि मोहिनी! जरा आख्यान आठवा. भस्मासुर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो तो मोहिनीने दिपून. त्या कथेत डोळे दिपवणं हेच शस्त्र आहे. तिला साध्या सुती लुगड्यात उभी करा आणि भस्मासुराला सांगा, बाबा, आता भूल. तो म्हणेल, कशाला?

आता आयोजकांचा पहिला मुद्दा: हे पारंपरिक नाही.

बरं. दशावताराच्या साथीला काय असतं? मृदंग, झांज आणि पायपेटी. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायचा हार्मोनियम. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं गेलं. आणि खडा? नकली हिऱ्याला आजही फ्रेंच आणि जर्मन लोक 'स्ट्रास' म्हणतात, ते जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास या अठराव्या शतकातल्या जवाहिराच्या नावावरून. त्याने शिशाच्या काचेला पैलू पाडून हिऱ्यासारखे खडे केले. कुठे? पॅरिसमध्येच. पुढे १८९२ मध्ये डॅनिएल स्वरोवस्कीने पैलू पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि असा खडा स्वस्त होत गेला. म्हणजे दोन्ही वस्तू परदेशी, दोन्ही यंत्रयुगात पसरलेल्या, आणि दोघींपैकी खडा वयाने मोठा. मग पेटी परंपरा आणि खडा भेसळ, हे कोणत्या पंचांगात बघून ठरवलं?

परंपरा म्हणजे जे आयोजकांच्या लहानपणी होतं ते, आणि भेसळ म्हणजे जे त्यांच्या नोकरीनंतर आलं ते. एवढाच हिशोब दिसतो.

आमच्या नटांनी कायम त्या-त्या काळात परवडणारी सर्वांत चमकदार वस्तू वापरली. बेगड होती तेव्हा बेगड, टिकल्या आल्या तेव्हा टिकल्या, आरसे, काचमणी, आता खडे. डोळ्यांत भरायचं, ही परंपरा आहे. कशाने भरायचं, हे बाजार ठरवतो.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. चमक वाढली तसा अभिनय कमी झाला, असं गावातलीच जुनी माणसं म्हणतात. ट्रिकसीन, धूर, रंगीत दिवे आणि अंगभर खडे, पण स्वगताला दम नाही, अशा रात्री मीही पाहिल्या आहेत. पण ही टीका आणि आयोजकांची टीका एक नाही. मी पहिल्यांदा चोळी भरली तेव्हा एक इंच मोकळा ठेवला नव्हता. मामीने बघितलं आणि म्हणाली, "खडेच बोलूक लागले तर ह्यो काय बोलतलो?" मग तिनेच सांगितलं, खांद्यावर दाट, छातीवर विरळ, हाताच्या टोकाला पुन्हा दाट, कारण हात बोलतात. पाठीवर एकच मोठी वेल, कारण निघून जाताना तेवढीच दिसते. ही कामातली टीका आहे. तिच्यामुळे काम सुधारतं. 'बेगडी वाटतं' म्हटल्याने काहीच सुधारत नाही, माणूस फक्त ओशाळतो.

हे फक्त आमच्याकडेच चालतं असंही नाही. बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या पोशाखांवरही असेच पैलूदार खडे असतात, आणि तेही हातानेच, एकेक करून लावतात. गिरकी घेताना लाट उठते तीही तीच. तिथे आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे की पोशाख शालीन असावा, भडक किंवा नाटकी नसावा. पोशाखाचा किंवा सजावटीचा एखादा तुकडा बर्फावर पडला तर एक गुण कापतात. पाते लावलेल्या बुटाखाली खडा आला तर माणूस आपटेल, त्यामुळे त्या नियमामागचं कारण मला पटतं. पण त्याच खेळात २००४ पर्यंत स्पर्धेत बायकांनी विजार घालायची नाही, स्कर्टच घालायचा, असाही नियम होता. कोणी किती झाकायचं, किती चमकायचं, हे अंगावर कपडा घालणाऱ्याने सोडून इतरांनी ठरवायची हौस सगळीकडे आहे. तिथे निदान नियम कागदावर असतो आणि त्याची किंमत आकड्यात सांगतात. एक गुण. आमच्याकडे आयोजकाची आवड हाच नियम, आणि किंमत म्हणजे अख्खी नाइट.

आता पैशाचं बोलू, कारण खरी मेख तिथे आहे.

दशावतारातला नट रंग स्वतः लावतो, आणि पोशाखही स्वतःचा आणतो. त्याचा पेटारा त्याचा असतो. दहा ग्रोस खडे, गम, मखमल हे सगळं दादाने तीन नाइटींच्या पैशांतून आणलं. शहराला हातमागाची लुगडी, खरी जर, 'ऑथेंटिक' दागिने बघायचे असतील तर जरूर बघावेत, फक्त बिल कोणाच्या नावावर फाडायचं तेवढं सांगावं. त्या निरोपात त्याबद्दल एक ओळ नव्हती. कमी चमका, म्हणजे आम्हाला तुम्ही जास्त खरे वाटाल, एवढंच.

बालगंधर्व आठवा. त्यांचे शालू, दागिने, अत्तरं यांच्या कथा आपण अजून सांगतो. त्या थाटापायी गंधर्व नाटक मंडळी कर्जात गेली, तेही आपण कौतुकानेच सांगतो. पुरुषाने स्त्री-वेशात चमकायचं, आणि प्रेक्षकाने दिपून जायचं, हेच तर ते होतं. पुण्या-मुंबईच्या थिएटरात तो वैभवाचा काळ ठरला. मालवण तालुक्यातल्या देवळासमोर तोच भपका ठरतो. फरक शालूच्या जरीत आहे की बघणाऱ्याच्या नजरेत, हे तुम्हीच सांगा.

२०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' सिनेमा आला. दिलीप प्रभावळकरांचं काम बघून माझ्या ऑफिसातली माणसंही हळवी झाली. मला चार जणांनी विचारलं, तुमच्याकडे हे खरंच असतं का? मला आनंद झाला. पण त्या हळवेपणाबरोबर एक मागणीही येते: लोककलावंत गरीब दिसावा, मातीचा दिसावा, थोडा करुण दिसावा. त्याने भुलेश्वरहून खडे मागवले, ऑनलाइन गम शोधला, की आपला रसभंग होतो. आपण फोन दरवर्षी बदलायचा आणि त्याने लुगडं शंभर वर्षं बदलायचं नाही.

आमच्या आचऱ्यात गावपळण असते. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. घरात कोणी थांबत नाही. काय न्यायचं आणि काय ठेवायचं, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात पडतो. मी लहान असताना मामीने तांदूळ आणि भांड्यांच्या आधी पेटारा बाहेर काढलेला मला आठवतो. झोपडीत तो मधोमध ठेवला होता, दवाने ओला होऊ नये म्हणून. ती वस्तू ज्यांना दिखाऊ वाटते, त्यांनी आपल्या घरातली कोणती गोष्ट तांदळाआधी उचलली असती याचा विचार करावा.

त्या जानेवारीत मी दादाला म्हटलं, नाही म्हणून सांग. तो म्हणाला, "नाइट आसा गो. सोडून कशी देव?" त्याच्याकडे तत्त्व परवडण्याइतका पगार नव्हता, माझ्याकडे होता. हे कळल्यावर मी गप्प बसले.

आम्ही तिघांनी चिमटे घेऊन एकेक खडा उपटला. लवचिक गम सहज सोडत नाही. प्रत्येक खड्याबरोबर मखमलीचे केस निघाले आणि चोळीवर टक्कल पडल्यासारखे ठिपके राहिले. मामीने शिवलेले खडे मात्र कात्रीने दोरा कापून अलगद निघाले, कापडाला ओरखडासुद्धा नाही. तो त्या ठिपक्यांच्या चोळीत महोत्सवात उभा राहिला. शहरातल्या उजेडात ते ठिपके खड्यांपेक्षा जास्त दिसले असणार. आयोजक खूश होते. फोटोखाली लिहिलं, 'मातीशी नाळ'.

परत आल्यावर मामीने खडे एका स्टीलच्या वाटीत मोजून ठेवले. एक हजार तीनशे शहाण्णव. चव्वेचाळीस कमी. काही ओटीच्या फटीत गेले असतील, काही कोंबड्यांनी टिपले असतील.

जत्रेच्या खेळाला आठ दिवस होते. मामीने नवी मखमल कापली आणि या वेळी माझ्या हातात गमाची नळी न देता सुई दिली. सपाट पाठीचे खडे सुईने शिवता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बारीक जाळीचा तुकडा ठेवून तो चारी बाजूंनी टाचायचा, असं तिने काढलं. वेळ तिप्पट लागतो. पण पुन्हा कोणी काढायला सांगितलं, तर कापड फाटणार नाही.

मला त्यातलं शेवटचं वाक्य अजून टोचतं. ती पुन्हा काढावे लागतील हे धरूनच शिवते आहे.